मधली काच

तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या नाकावर एक चष्मा होता आणि हातात एक. नाकावरचा जुना, डाव्या काचेला तडा गेलेला. हातातला नवा, पण त्याची एक दांडी लुळी पडली होती आणि बिजागरीत काहीतरी हिरवं साचलं होतं.

"हे काय आहे?" तिने विचारलं. चष्म्याच्या दुकानात तिची नऊ वर्षं गेली होती. काचांवर तिने तेल पाहिलं होतं, भिंतीचा रंग पाहिला होता, एकदा तर मुरंबाही पाहिला होता. हिरवं मात्र पहिल्यांदाच.

"शेवाळ," तो म्हणाला. "चष्मा माशांच्या टाकीत पडला होता."

"कधी?"

"झाले की... नऊ दिवस."

"आणि बाहेर कधी काढला?"

"आज सकाळी."

तिने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. तिशी ओलांडलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातांना पाण्याचा वास. चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नाही.

"पडला त्याच संध्याकाळी एका मादीने उजव्या काचेवर अंडी घातली," त्याने खुलासा केला. "ऐंशी तरी असतील. आता अंड्यांसकट कसा काढणार? पिल्लं फुटेपर्यंत थांबलो. मग ती पोहायला लागेपर्यंत थांबलो."

"आणि तोवर हा तडा गेलेला लावून फिरलात?"

"पहिले दोन दिवस त्रास झाला. मग सवय झाली. थांबायची सवय आहे मला."

ती हसली. गिऱ्हाइकाशी मोजून हसायचं हा तिचा नियम होता, पण हे हसू मोजायच्या आतच निसटलं. पुढे कितीतरी दिवसांनी तिला वाटलं, की सगळं त्या एका वाक्यात त्याने सांगूनच टाकलं होतं. थांबायची सवय आहे मला. ऐकायला किती गोड वाटलं होतं ते तेव्हा...

तिने बिजागरी सोडवली, बारीक ब्रशने शेवाळ काढलं, नवा स्क्रू बसवला. मग डोळ्यांमधलं अंतर मोजायला छोटी पट्टी घेऊन ती त्याच्यासमोर बसली.

"माझ्या नाकाकडे बघा."

"नाकाकडेच?"

"डोळ्यांकडे बघितलंत की माप चुकतं."

"कुणाचं?" तो म्हणाला.

आता याला काय उत्तर द्यायचं? तिने पट्टी धरली, आकडा वाचला, आणि लिहिताना तो विसरली. पुन्हा मोजावं लागलं. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"मीही पाळायचे मासे," काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली. "कॉलेजात होते तोवर."

"मग सोडलंत कशाला?"

"महिनाभर बाहेरगावी शिकायला गेले होते. टाकी दादाच्या ताब्यात दिली. त्याने माया करून दिवसातून चार वेळा खायला घातलं. परत आले तर पाणी दुधासारखं झालेलं, आणि... जाऊ दे. टाकी आहे अजून माळ्यावर. आत जुनी पांघरुणं ठेवलीत."

तो गंभीरपणे म्हणाला, "त्यांना हवा मिळते ना नीट?"

जाता जाता त्याने पत्ता सांगितला. दोन चौक पलीकडे, चपलांच्या दुकानाशेजारी, शोभेच्या माशांचं दुकान. तो तिथे नोकरीला होता. "नुसतं बघायला या," तो म्हणाला. "बघायला कुणी येतच नाही. सगळे घ्यायलाच येतात."

*

घरी ती दादा-वहिनीकडे राहायची. वहिनी जिभेची तिखट आणि मनाची मऊ. तिने माळा साफ करायला काढला होता हा निव्वळ योगायोग, पण वेळ अगदी नेमकी साधली.

"वन्सं, ही काचेची पेटी एक तर भरा, नाहीतर भंगारात द्या," वहिनीने वरूनच फर्मान काढलं. एरवी ती तिला अगं-तुगं करायची, चेष्टेच्या वेळी मात्र 'वन्सं' आणि 'अहो'. "बारा वर्षं पांघरुणं पोहतायत आत."

ती टाकी धुऊन, पुसून खिडकीखालच्या कपाटावर ठेवली गेली. दादा लांबून बघत राहिला. "मी खायला घालणार नाही," त्याने आपणहून जाहीर केलं.

शनिवारी ती त्या दुकानात गेली. आत पाऊल टाकताच तिच्याही चष्म्यावर वाफ धरली. ओलसर, कोमट हवा, आणि दोन्ही भिंतींवर बुडबुड्यांची अखंड कुजबुज. वाफ निवळली तेव्हा तो समोर उभा होता आणि त्याच्या नाकावर तिने दुरुस्त केलेला चष्मा होता.

"कसा आहे?" तिने विचारलं.

"सगळं नको इतकं स्वच्छ दिसतं. या दुकानात इतकी धूळ आहे हे मला माहीतच नव्हतं."

तिला दोन मासे आवडले. करड्या अंगावर काळे उभे पट्टे, अंगठ्याएवढे, पण चाल अशी की टाकी जणू बापजाद्यांची. दुकानात त्यांना 'कैदी' म्हणायचे.

"भांडखोर आहेत," तो म्हणाला. "पण चिवट. तुमच्या दादांनी माया केली तरी टिकतील."

"पण मला पिल्लंबिल्लं नकोत हं. एकदा मेलेले मासे उपसलेत मी. दोनच असू देत, पण नीट. दोन्ही नर द्या."

त्याने जाळी पाण्यात घातली, जरा वेळ फिरवली, आणि दोन मासे पिशवीत सोडले. एकाच्या पोटावर नारिंगी झाक होती. "दोन्ही नर ना?" तिने विचारलं. तो पिशवीला गाठ मारत होता. "हं," तो म्हणाला. तिलाही वाटलं, बरोबरच असणार. लहानपणी तिने गप्पी पाळले होते. गप्पींमध्ये नटतात ते नर. कैद्यांच्या जातीत नटतात त्या माद्या, हे तिला ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं.

सातव्या आठवड्यात टाकीतल्या मातीच्या कुंडीमागून एक करडा ढग बाहेर आला. ढगाला डोळे होते. नारिंगी पोटाची ती ढगाच्या पुढे, दुसरा मागे, आणि खिडकीची सावली हलली तरी दोघं काचेवर धडका मारायला तयार.

"वन्सं, तुमच्या एका नराला दिवस गेले होते वाटतं," वहिनी म्हणाली.

ती तावातावाने दुकानात गेली. "दोन्ही नर म्हणाला होतात तुम्ही."

"म्हणालो होतो."

"त्यातला एक आई झालाय."

"अभिनंदन," तो म्हणाला. "किती आहेत?"

"मोजता येत नाहीत. दीडशे? हलतात सारखी. मी काय करू एवढ्यांचं?"

"महिनाभराची झाली की इथे आणून द्या. मी ठेवून घेतो." मग जाळी झटकत, तिच्याकडे न बघता, "चूक माझीच आहे ना. मग निस्तरायला नको?"

अशी सुरुवात झाली. कैद्यांचा कारभार चोख होता. एक वीण हाताशी आली, की दुसरीची तयारी. दर दीड महिन्याने ती झाकणाच्या बादलीत पिल्लं घेऊन निघायची, आणि निघायच्या आधी आरशासमोर दोनदा उभी राहायची. वहिनी दारातून बघायची. "मासे पोचवायला चाललीस ना? मग हा नवा कुडता कुणासाठी, माशांसाठी? चालू द्या. भेटा आपल्या मत्स्यावताराला."

"काहीतरीच काय गं, वहिनी."

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, अशातली गत. फरक एवढाच, की इथे भांडं चांगलं दहा लिटरचं होतं आणि रस्ताभर डुचमळत जायचं.

दुकानात तो पिल्लांचं पाणी हळूहळू बदलायचा. वाटीवाटीने, घाई न करता. एकदम नव्या पाण्यात सोडली तर दगावतात, म्हणायचा. त्या कामाला तास लागायचा. खरं तर अर्धा तास पुरतो, हे तिला माहीत होतं. ती स्टुलावर बसायची. तो चहा आणायचा. ती दिवसभरातली गिऱ्हाइकं सांगायची. एक आजोबा चष्मा लावून बायकोला म्हणाले, "अगं, तू म्हातारी झालीस की," आणि आजी म्हणाल्या, "हा परत करा." तो हसायचा तेव्हा आधी खांदे हलायचे, आवाज मागून यायचा.

एकदा पिशवी फुटली. चौथ्या खेपेची गोष्ट. बादलीचं झाकण तुटलं म्हणून तिने पिल्लं पिशवीत आणली होती, आणि तिच्या हातातच तळाची शिवण उसवली. "अगं, धर... खालून धर, नीट!" तो ओरडला आणि त्याने दोन्ही हात तिच्या हातांखाली धरले. बोटांमधून पाणी गळत होतं. चार हातांच्या ओंजळीत ती बारीक पिल्लं वळवळत होती आणि दोघांनाही हलता येत नव्हतं. पिल्लांची बादलीत सुटका झाल्यावर तो कानापर्यंत लाल झाला.

"माफ करा. मी एकदम अगं म्हणालो..."

"चालतं," ती म्हणाली. तिला म्हणायचं होतं, आवडलं. पण जीभ 'चालतं'वरच अडली, आणि पुढच्या वाक्याला तो पुन्हा 'तुम्ही'वर गेला.

भीड ही भिकेची बहीण, असं म्हणतात. या दोघांच्या घरी ती बहीण कायमची मुक्कामाला होती.

त्याच दिवशी, ओले हात पुसता पुसता, तो म्हणाला होता, "एक सांगून ठेवू? यावर अगदी सोपा उपाय आहे. टाकीत मधोमध काच बसवायची. नर एकीकडे, मादी एकीकडे. पिल्लं बंद."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं नाहीत." त्याने फडकं बाजूला ठेवलं. "तुम्हाला यायचा कंटाळा आला, की बसवा काच. मी समजेन. राग मानणार नाही."

तो हसत म्हणाला होता. तीही हसली. काच बसवणं तिला अवघड होतं का? काच कापणं हाच तिचा धंदा. हा उपाय तिलाही सुचून गेला होता; दुसऱ्या विणीलाच तिने टाकीची रुंदी मोजून ठेवली होती आणि मोजमापाचा कागद फाडून टाकला होता.

*

सातव्या खेपेला तो जरा गप्प होता. चहा झाल्यावर म्हणाला, "दुसऱ्या शहरातून विचारणा आलीय. मोठं मत्स्यालय आहे, सरकारी. देखभालीला माणूस हवाय."

तिने लगेच विचारलं, "मग?"

"बघू," तो म्हणाला. आणि तिच्याकडे बघत राहिला. "तुम्हाला काय वाटतं?"

तिला काय वाटत होतं ते तिच्या चेहऱ्यावर वाचायला चष्म्याचीही गरज नव्हती. पण तोंडाने ती म्हणाली, "चांगली संधी आहे. विचार करा."

घरी येईपर्यंत तिला राग आला होता. स्वतःचा यायला हवा होता, आला त्याचा. दहा महिने झाले. दहा महिने ती बादल्या वाहतेय. हा माणूस एकदा तरी म्हणेल का, की पिल्लं नसली तरी या? नुसतं बघायला या म्हणाला होता, ते एकदाच. तिच्या मनाने हिशेब केला: निमित्त आहे तोवर हा बोलणार नाही. निमित्तच काढून घेतलं, तर बोलावंच लागेल. हा बेत तिला त्या वेळी फार हुशारीचा वाटला.

तिने दुकानातून काच कापून आणली, कडा घासल्या, टाकीत मधोमध बरोबर बसवली. एका केसाचीही फट नाही. नारिंगी पोटाची अलीकडे, तो पलीकडे. दोघं काचेला तोंड लावून दिवसभर उभे होते. तिला ते बघवेना, म्हणून तिने टाकीवर टॉवेल टाकला.

शनिवारी ती रिकाम्या हाताने दुकानात गेली. त्याने आधी तिच्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"काच बसवली," ती म्हणाली. अगदी सहज म्हटल्यासारखं. आरशासमोर तयारी केली होती तशीच.

त्याचा पाण्यातला हात थांबला.

आता बोल, ती मनात म्हणाली. म्हण, काढा ती काच. म्हण, मग मी भेटू कसा. काहीही म्हण रे बाबा, मी पुढचं सगळं सांभाळून घेते...

"बरं केलंत," तो म्हणाला. "मादीलाही जरा विसावा."

"हो ना."

"हो."

बुडबुडे वाजत राहिले. तिने आणखी थोडं थांबून पाहिलं. चहा आला नाही. मग ती "येते" म्हणाली आणि तो "या" म्हणाला, आणि दोघांनीही 'पुन्हा' हा शब्द टाळला.

रस्त्यात ती स्वतःची समजूत घालत होती. गोंधळला असेल. दोन दिवसांनी येईल. चष्म्याचं दुकान त्याला माहीत आहे.

तो आला. पण तीन आठवड्यांनी, आणि ती जेवायला गेली असताना. "तो शेवाळवाला आला होता," दुकानात तिच्यासोबत काम करणाऱ्या मुलीने सांगितलं. "काम काही नव्हतं. तुम्ही आहात का विचारलं, जरा वेळ थांबला, गेला." तिला काय आनंद झाला म्हणून सांगू. आला ना शेवटी? आता पुन्हा येईल, आणि या खेपेला बोलेल. आपण नाही जायचं. मनात मांडे खात ती वाट बघत राहिली. एक आठवडा, दोन आठवडे, महिना. मग वाट बघण्याचं रूपांतर अढीत झालं, आणि अढीचं हट्टात. तिने त्या दोन चौकांवरून जाणंच सोडलं. बसस्टॉप गाठायला लांबचा वळसा घ्यायची. फोन करावा म्हटलं, तर नंबर कधी घेतलाच नव्हता. पिल्लं असताना नंबर लागतो कशाला?

तिकडे टाकीत चार महिने काच उभी होती. वहिनीला ते दृश्य दिवसातून दहादा दिसायचं. काचेच्या अलीकडची दिसायची आणि जेवणाच्या टेबलावरची दिसायची, आणि वहिनीला दोघींचाही सारखाच वैताग यायचा. एके दिवशी तिने काच "जरा घासायला" म्हणून बाहेर काढली आणि परत लावायला साफ विसरली. इतकी विसरली, की ती काच कपाटामागे, टॉवेलात गुंडाळून सापडली. तोवर मातीच्या कुंडीमागे नवा ढग तयार होता.

"अगंबाई," वहिनी म्हणाली. "आता काय करायचं? न्यायला हवीत की नाही कुठेतरी?"

ती ढगाकडे बघत राहिली. मग कितीतरी महिन्यांनी हसली. महिनाभर तिने त्या पिल्लांना तळहाताच्या फोडासारखं जपलं. आणि या वेळी तिने ठरवलं होतं. चहा, गप्पा, काही नाही. दारातूनच सांगायचं: मला पिल्लं नकोत, काच नको, मला तुम्ही हवे आहात. वाक्य छोटं होतं. तिने ते पाठ केलं.

*

दुकानासमोर एक टेम्पो उभा होता. आत काउंटरवर कुणी नवाच माणूस होता. पण मागच्या खोलीतून तो बाहेर आला, बाह्या तशाच कोपरापर्यंत, आणि तिला बघून जागीच थांबला.

"तुम्ही?"

"काच निघाली," ती म्हणाली आणि बादली पुढे केली. ठरवलेलं वाक्य हे नव्हतं. ते आता म्हणायचं होतं, लगेच, पुढच्या श्वासाला.

"नशीब," तो म्हणाला. "आजच आलोय, उद्या परत जातोय. मी तिकडे रुजू झालो, पाच महिने झाले. कळवायला आलो होतो तुमच्याकडे, निघायच्या आदल्या दिवशी. तुम्ही जेवायला गेला होतात."

हो, जेवायला गेली होती. डब्यात काय होतं तेही तिला आठवलं.

"या ना, आत या. दाखवतो."

मागच्या खोलीत सात टाक्या होत्या. प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी, त्यावर आकडा, एक ते सात. आणि आत कैदी. लहान, मध्यम, मोठे. पहिल्या टाकीतले आता हाताच्या तळव्याएवढे झाले होते.

"विकली नाहीत?"

"कोण घेतंय? सगळ्या गावाकडे आहेत हे. कुणी फुकटसुद्धा नेत नाही." तो ओशाळला. "मालक खोली रिकामी मागतायत. तिकडच्या साहेबांना विचारलं, ते म्हणाले आण, एक मोठी टाकी देऊ. म्हणून टेम्पो." मग टाकीवरची चिठ्ठी उगीचच सारखी करत म्हणाला, "तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. मी जोडीच दिली होती तुम्हाला. मुद्दाम. नर-मादी ओळखू येत नाहीत असं नाही. मला वाटलं, पिल्लं झाली की तुम्ही भांडायला तरी याल."

तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं. ती तोंड उघडणार, इतक्यात तो पुढे म्हणाला, "हे आता सांगता येतं. आता... म्हणजे, माझं लग्न ठरलंय. पुढच्या महिन्यात."

बादलीची कडी तिच्या बोटांत रुतत होती. "अरे वा," ती म्हणाली. "कोण आहे?"

"तिथल्या शाळेत शिकवते. मुलांना घेऊन आली होती मासे दाखवायला. दुसऱ्या भेटीतच म्हणाली, तुम्ही मला आवडता, तुमचं काय ते सांगा." तो हसला, खांदे आधी हलले. "मनात येईल ते बोलून टाकते. माझ्यासारख्याला फार सोपं जातं. चांगली आहे हो. खूप चांगली आहे."

"वाटतंच आहे."

तो जरा वेळ टाकीतल्या माशांकडे बघत राहिला. मग तिच्याकडे वळला, आणि तिला दिसलं की हे विचारायला तो कधीचा अडून बसलाय. "एक विचारू? राग मानू नका. ती काच... ती पिल्लांसाठी होती, की माझ्यासाठी?"

खरं उत्तर तिच्या ओठांवर होतं. पाठ केलेलंच होतं. ते ऐकून तो टेम्पो थांबवेल का, हेही तिला माहीत नव्हतं, कदाचित थांबवेल. कदाचित नाही थांबवणार, आणि मग ते वाक्य बरोबर घेऊन जाईल, लग्नात, संसारात, आणि ती सरळ बोलणारी बाई एक दिवस त्याला विचारेल, असा गप्प का झालास? तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो घाबरला होता. त्याला उत्तर हवं होतं, पण दोन उत्तरांपैकी एकच आता त्याला झेपण्यासारखं होतं.

"छे हो," ती म्हणाली. "पिल्लांचा कंटाळा आला होता. तुमच्याबद्दल तसं काही... माझ्या मनात नव्हतं कधी."

खोटं बोलायला तिला एक क्षण पुरला. खरं बोलायला सव्वा वर्ष पुरलं नव्हतं.

त्याने लांब श्वास सोडला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. "बरं झालं विचारलं. सहा महिने डोक्यात होतं, की आपण काहीतरी हुकवलं."

"काही नाही हुकवलं."

"द्या ती बादली. ही आठवी. हीही नेतो."

ती नाही म्हणू शकली नाही. पिल्लांचा कंटाळा आलेली बाई नाही कशी म्हणेल? त्याने पिल्लं एका टाकीत घेतली, वाटीवाटीने, घाई न करता. ती उभी राहून बघत होती. या वेळी त्याला खरोखर अर्धाच तास लागला. बादली विसळून त्याने परत दिली. "सुखी राहा," तो म्हणाला, आणि ती म्हणाली, "तुम्ही दोघंही." बाहेर बारीक पाऊस लागला होता. छत्री होती, पण तिने उघडली नाही. चष्मा ओला झाला की मागचे डोळे कुणाला नीट दिसत नाहीत आणि आपल्याला कुणी काही विचारत नाही.

घरी वहिनी टाकीपाशीच होती. दोन्ही कैदी कुंडीभोवती घिरट्या घालत होते, नववीची तयारी.

"घेतली का त्याने?" वहिनीने उत्सुकतेने विचारलं. मग तिचा चेहरा पाहिला. "काय झालं गं?"

"घेतली. लग्न ठरलंय त्याचं."

वहिनीने पुढे होऊन बादली हातातून घेतली आणि ओला चष्मा काढून पदराने पुसायला लागली.

"वहिनी, मला तो हवा होता गं," ती म्हणाली. हे वाक्य तिने पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं होतं, आणि तेही भलत्याच माणसासमोर. मग ती रडली, दारातच उभी राहून.

"अगं वेडे," वहिनी म्हणाली, "मग हे त्याला सांगायचं ना."

"हो," ती म्हणाली. "त्याला सांगायचं होतं."